मल्लण्णाचा थेंब

माझ्या लिहायच्या टेबलावर डोळ्यांत औषध घालायची एक बाटली आहे. बोटाएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची, टोकाशी पिवळी पडलेली. दर दिवाळीला झाडलोट करताना बायको ती उचलते, माझ्याकडे बघते आणि परत जागेवर ठेवते. ती मल्लण्णाची आहे. त्या बाटलीत औषध कधीच नव्हतं. साधं नळाचं पाणी असायचं.

मल्लण्णा जाईल तिथे खिशातून ही बाटली काढायचा आणि समोर दिसेल त्या वस्तूवर एक थेंब टाकायचा. हॉटेलातलं टेबल, लग्नपत्रिका, एसटीच्या सीटची दांडी, बँकेचा काउंटर, आमच्या शाळेच्या उत्तरपत्रिका, काही सुटलं नाही. मग मान वाकडी करून, एक डोळा मिटून, थेंबाकडे बाजूने बघत राहायचा. लोक चिडायचे. एकदा गुलबर्ग्याच्या स्टेशनवर तिकीट तपासनिसाने त्याला हटकलं होतं, कारण याने त्याच्या बुटावर थेंब टाकला होता. निकाल मात्र दोनच. थेंब जागी पसरला तर तो म्हणायचा, "थांबलं." घरंगळला तर म्हणायचा, "पळालं." आणि पळालं म्हणताना त्याचा चेहरा असा उजळायचा की रागावलेला माणूसही जरा निवायचा. पुढे पुढे तो माणसांनाही हेच दोन शब्द लावू लागला. आमच्या मुख्याध्यापकांशी पाच मिनिटं बोलून बाहेर आला आणि माझ्या कानात म्हणाला, "थांबलं, सर."

माझी नोकरी गुलबर्ग्यातल्या एका मराठी शाळेत. सरकारने नाव कलबुर्गी केलं तरी आमच्या तोंडात गुलबर्गाच. मी मूळचा उदगीरकडचा, त्यामुळे इथलं बोलणं मला परकं नव्हतं. आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराच्या भिंतीला लागून मल्लण्णा आणि त्याची आई राहायची. तिला सगळी गल्ली अव्वा, म्हणजे आईच म्हणायची. मुलाशी कानडीत भांडायची आणि आमच्याशी मराठीत गोड बोलायची.

ओळख झाली ती अळूमुळे. मोरीचं पाणी जातं तिथे माझ्या बायकोने अळू लावला होता. एका रविवारी दारात तिशीतला एक उंच, हडकुळा माणूस उभा राहिला. पायात चपला नाहीत, शर्टाच्या खिशाला तेलाचा डाग.

"अक्का, अळूचं एक पान घिऊ का? खायाला न्हाई, बघायला."

तो पान घेऊन आमच्या धुण्याच्या दगडावर बसला तो अर्धा तास उठला नाही. थेंब टाकायचा, पान तिरकं करायचा, थेंब घरंगळला की पुन्हा टाकायचा. मी विचारलं, "काय करायलास बाबा?" तर मला शेजारी बसवून त्याने शिकवणीच घेतली. पानावर डोळ्याला न दिसणारे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि थेंब त्या हवेवरच उभा राहतो, पानाला शिवतसुद्धा नाही. "म्हणून ह्ये पान मोरीत उगवून बी कोरडं ऱ्हातंय," तो म्हणाला. बायकोला तो आवडला. तिने त्याच्यासाठी अळूची एक ओळ राखून ठेवली. तो पठ्ठ्या नेमका दुसऱ्या ओळीतली पानं तोडून न्यायचा, तीही तिने वड्यांसाठी डाळ भिजत घातलेली असताना.

त्याचं घराणं निर्ण्याचं, हुमनाबादजवळचं. इंजिनियर इथेच झाला, पुढे बेंगळुरूला एका मोठ्या संस्थेत या घसरड्या पृष्ठभागांवरच संशोधन करत होता. झाडंझुडं, किडे यांच्या अंगावर निसर्गाने काय काय करून ठेवलंय ते बघायचं आणि तसं माणसाला बनवता येतं का हे शोधायचं, असं ते काम. नाव झालं होतं, परदेशी जायची बोलणीही चालली होती. ते सगळं सोडून तो परत आला आणि हुमनाबाद रोडला पत्र्याची एक शेड घेऊन बसला. मी त्याला वेड्यात काढलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "कागदावर समदंच घसरतंय, सर. गोदामात घसरलं पायजे."

गोदामातच का, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं, आणि तेही त्याच्याकडून नाही.

त्याच्या खिडकीत काचेची एक पेटी होती. आतल्या भांड्यात ओलं शेवाळ आणि त्यात घटपर्णीचं रोप. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माणसं सुकतात, पण हे रोप त्याने जगवलं होतं. दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचा, काचेवर ओलं फडकं टाकायचा. पानाच्या टोकाला लहानसा पेला लटकतो, पेल्याला गोड वासाचा काठ असतो. अळूची युक्ती तेलापुढे आणि धुळीपुढे चालत नाही, म्हणून तो या दुसऱ्या झाडाकडे वळला होता. या पेल्याचा काठ स्वतःवर पाण्याचा पातळ पापुद्रा धरून ठेवतो आणि मग तो पापुद्रा बाकी कुणालाच धरू देत नाही. मल्लण्णाने हीच नक्कल केली होती. पत्र्यावर आधी एक सच्छिद्र थर द्यायचा, तो वाळला की वरून खायच्या तेलातलाच एक पातळ प्रकार पुसायचा. थर तेलाला धरतो, तेल कशालाच धरत नाही. तो त्याला नुसतं लेप म्हणायचा.

एकदा त्याने मला पेल्याच्या काठावरची मुंगी दाखवली. ती आरामात फिरत होती. मग सहाही पाय एकदमच सुटल्यासारखी ती आत गेली. आतून ती चढू लागली. अर्ध्यावर यायची आणि खाली जायची, पुन्हा यायची, पुन्हा जायची. मला बघवेना. मी म्हटलं, "काढ की तिला." त्याने काडी घालून मुंगी बाहेर काढली आणि खिडकीत सोडली. "मला झाडाचं घसरणं पायजे," तो म्हणाला, "त्याची भूक नको." मागे अव्वा उभी होती. तिला ते रोप मुळीच पसंत नव्हतं. मलाही कळावं म्हणून ती मराठीत म्हणाली, "मारणारं झाड घरात कामून ठिवायलास रे? एवढं पाणी तुळशीला घातलास तर पुण्य तरी लागंल." तो हसला. मी हसलो नाही, हे मला चांगलं आठवतं.

अव्वाने माझ्या बायकोला सांगितलं ते असं. मल्लण्णाचे वडील इथल्याच एका डाळमिलमध्ये हमाल होते. तूर भरडण्याआधी तिला तेलपाणी लावून उंच लोखंडी कोठीत मुरत ठेवतात. ती ओलसर तूर कोठीच्या भिंतीला धरते, वर तिचा कडक थर बनतो आणि खालची तूर निघून गेली की थराखाली पोकळी होते. मग माल खाली येईना म्हणून कुणीतरी बांबू घेऊन आत उतरायचं आणि थर फोडायचा. हे काम करणारी माणसं ठरलेली असत आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसे. एक दिवस थर वडिलांच्या पायाखालीच फुटला. ते खाली गेले आणि भिंतीला लागलेली उरलेली तूर त्यांच्यावर आली. मल्लण्णा तेव्हा सातवीत होता. डबा घेऊन गेला होता. कोठी उपसून वडिलांना काढेपर्यंत तो डबा धरून तिथेच उभा होता.

हे कळल्यावर मला त्याचं सगळं वागणं निराळं दिसायला लागलं. तो थेंब टाकायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काय असेल, असं वाटायचं. त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. तूर भिंतीला धरता कामा नये आणि त्यासाठी कुणाला आत उतरायला लागू नये.

सुरुवात त्याने गुळापासून केली. निर्ण्याच्या एका गुऱ्हाळात साच्यांना लेप लावला, तर ढेप अशी अलगद बाहेर आली की गुळव्या दोन पावलं मागे सरकला. त्यानंतर गावोगाव बातमी गेली आणि एक दिवस गाणगापूरहून बोलावणं आलं. तिथे यात्रेकरूंची एक लॉज होती. मालकाचं म्हणणं, न्हाणीघराच्या फरशीला तेल, साबण, उटणं सगळं चिकटतं, लेप मारून द्या. मल्लण्णाने साफ नाही म्हटलं. "जिथं माणसाचा पाय पडतोय तिथं माझा लेप लागत न्हाई." मालकाने मान डोलावली, ताटांना लावून बघतो म्हणून दोन डबे ठेवून घेतले आणि आठवड्याने फरशीलाच फासले.

हे कळलं त्या दिवशी मी त्याच्याबरोबर दत्तदर्शनाला म्हणून गेलो होतो. दर्शन राहिलं बाजूला. तो लॉजमध्ये शिरला, फरशीवर थेंब टाकला. थेंब मोरीपर्यंत पळाला. पण त्या दिवशी तो "पळालं" म्हणाला नाही. त्याने शर्ट काढला, कुठूनतरी विटेचा तुकडा आणला आणि उकिडवा बसून फरशी घासायला लागला. बाहेर बादल्या घेऊन यात्रेकरू खोळंबले, मालक हात जोडून उभा. सकाळी बसला तो दुपारी उठला. बोटांची सालटी निघाली होती. परतीच्या बसमध्ये म्हणाला, "सर, त्या माणसाचं वाईट मन न्हाई. त्याला नुसती स्वच्छ फरशी पायजे हुती. मला भ्या वाटायलंय ते ह्येचंच."

पुढच्या साली शरणप्पा सावकार आपल्या डाळमिलच्या कोठ्यांना लेप लावू द्यायला तयार झाले. सावकार म्हणजे इथे व्याजबट्टा करणारा नव्हे, मिलच्या मालकाला सगळे सावकारच म्हणतात. माणूस सरळ होता. त्यांच्या मिलमध्ये कोठ्या चार, आणि त्यांत उतरणारा माणूस एकच, मौलाली. पन्नाशीचा, काटक, पांढरी दाढी, तोंडात दख्खनी उर्दू. वीस वर्षं बांबू घेऊन उतरत आला होता. मल्लण्णाने त्यालाच हाताशी घेतलं. लेप कसा लावायचा, थर किती वाळू द्यायचा, तेल कोणत्या फडक्याने पुसायचं, सगळं त्याला शिकवलं. मौलालीचा हात इतका सफाईदार की मल्लण्णा म्हणायचा, बेंगळुरूच्या पोरांना ह्याच्याकडं शिकाया धाडलं पायजे.

कोठी पूर्ण गुळगुळीत केली नव्हती. एका अंगाला, वरपासून खालपर्यंत, दोन वितींचा एक पट्टा त्याने लेपाशिवाय ठेवला. खरबरीत लोखंड आणि त्यावर जोडलेल्या पायऱ्या. कधी दुरुस्तीला उतरावंच लागलं तर माणसाला वर येता आलं पाहिजे. त्या पट्ट्याला तो माणसाची वाट म्हणायचा. कोठीत वाकून मला दाखवताना म्हणाला, "ह्ये माझं काम न्हाई सर, पण ह्येच खरं काम हाय."

पहिल्या दिवशी तूर सुटली तेव्हा आम्ही सगळे खाली उभे होतो. झाकण उघडलं आणि तूर एका आवाजात, न थांबता, शेवटच्या दाण्यापर्यंत खाली आली. वर कुणी गेलं नाही. मौलाली कोपऱ्यातून आपला बांबू घेऊन आला आणि मल्लण्णाच्या हातात देऊन म्हणाला, "लेव अन्ना. अब इसका काम नक्को." मल्लण्णाने तो बांबू शेडमध्ये भिंतीला आडवा टांगला. त्या दिवशी अव्वाने गल्लीभर हुग्गी, गव्हाची गोड खीर, वाटली. मीही दोन वाट्या खाल्ली.

आता माझ्याबद्दल दोन वाक्यं लिहिणं भाग आहे. कोठीच्या शिडीपाशी सूचनांचा फळा लावायचा होता. मल्लण्णाने मुद्दे सांगायचे, मी ते सुटसुटीत मराठीत लिहायचे आणि त्यावरून कानडी आणि उर्दू फळे करायचे, असं ठरलं. त्याचे मुद्दे सहा होते. खालचं झाकण बंद करा, कमरेला दोर बांधा, एकटे उतरू नका, असे. सहावा होता, माणसाच्या वाटेला लेप लावू नका. फळ्यावर जागा पाचांची होती. मी जन्मभर मुलांच्या निबंधातली जादा वाक्यं खोडत आलेला माणूस. म्हटलं, "मल्लण्णा, हे शेवटचं कशाला? पायऱ्यांना कोण कशाला लेप लावेल? न सांगता कळतं ते लिहू नये." तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "व्हय सर, तुमी म्हणता तर ऱ्हाऊ द्या." आणि मी ते वाक्य खोडलं. माझ्या अक्षराचं त्याने कौतुक केलं.

दोन हंगाम निर्वेध गेले. इतर मिलवाले येऊन बघून जायला लागले. एखाद्याला यश आलं की तो सैल होतो. मल्लण्णा उलटा आवळत गेला. चालताना भिंतीला हात लावून चालायचा. आमच्या जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरी पावलाने चाचपायचा. एकदा जेवता जेवता थांबून मला म्हणाला, "सर, समदं नीट चाललंय. कुठंतरी माझं काय तरी ऱ्हायलंय का, बघायलोय." मी चेष्टा केली की तुझं लग्न राहिलंय. तो हसला नाही.

त्याचा एक नेम होता. वर्षातून एकदा, नवी तूर यायच्या आधी कोठ्या रिकाम्या असताना, प्रत्येक कोठीत तो स्वतः उतरून लेप तपासायचा. आधी तो, मग बाकीचे. मिलमध्ये कोणतंही काम आतून करायचं असलं तरी पहिला पाय त्याचाच. सावकारांना त्याने तशी अटच घातली होती. दुसऱ्यांना दोराशिवाय शिडीजवळही येऊ द्यायचा नाही आणि स्वतः मात्र दोर न बांधता, अनवाणी उतरायचा. यावरून मी त्याला पुष्कळ बोललो आहे. "दोर बांधला की पायाला कळत न्हाई," तो म्हणायचा. "आन वाट तर माझीच हाय की."

त्या साली दसऱ्याला आम्ही दोघे सावकारांना बन्नी, म्हणजे सोनं म्हणून शमीची पानं, द्यायला मिलवर गेलो. आदल्या दिवशी आयुधपूजा झाली होती. आमच्याकडे आयुधपूजेला मिलचा खिळान् खिळा धुतला जातो, तेल, रंग, विभूतीचे पट्टे, झेंडू. वर्षभर ज्याच्यावर पोट भरतं त्याला मळकट ठेवायचं नाही. सगळी मिल झगमगत होती. मोटारींना हार, काट्याला हार, माझ्या अक्षरातल्या फळ्यालासुद्धा हार. सावकारांनी पेढे दिले. मल्लण्णाने बन्नीची पानं त्यांच्या हातात ठेवली, पाया पडला आणि म्हणाला, "आलोच हाय तर एक कोठी बघून जातो. मौलाली उद्या आतनं पाइप बसवणार हाय म्हणं."

मौलाली लगेच पुढे झाला. त्याचा चेहरा सणाचा होता. "तुम काय कू, अन्ना? मैं जातूं ना. त्योहार का दिन, कपडे खराब होते."

"आदी मी," मल्लण्णा म्हणाला.

आम्ही तिघे लोखंडी शिडीने वर गेलो. कोठीच्या तोंडाशी उभं राहायला जाळीची फळी आहे. त्याने चपला काढून माझ्याजवळ दिल्या, खिशातली बाटली दिली. हे नेहमीचंच, आत वाकताना ती पडू नये म्हणून. मोबाइलची बत्ती लावून खिशात वर तोंड करून ठेवली. थेंब भिंतीवर टाकायचा असतो, तोही तपासून वर आल्यावर. वाटेवर थेंब टाकायचं कधी कुणाला सुचलंच नव्हतं. तो तोंडाच्या काठावर बसला, पाठ आत केली आणि खाली न बघता पाय पहिल्या पायरीवर ठेवला. स्वतःच्या घरात अंधारात चालताना आपण बघत नाही, तसा.

मी त्याचा हात काठावर पाहिला. मग तो हात नव्हता.

आवाज दोनदा आला. एकदा पडल्याचा, आणि मग काहीतरी सरकत गेल्याचा. कोठी दोन मजली उंच आहे आणि तळ गाळणीसारखा निमुळता. वाकून बघितलं तर त्याच्या खिशातली बत्ती अजून चालू होती. तो तळाशी अर्धवट बसला होता, एक पाय अंगाखाली दुमडलेला. तो उठायला लागला. हात टेकून चार वीत वर आला आणि खाली गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्याने नुसता तळवा पत्र्यावर ठेवून बघितला आणि थांबला.

माझ्या शेजारी मौलालीने दोन्ही हातांनी काठ धरला होता. त्याच्या तोंडून तुटक तुटक जे आलं त्याचा अर्थ लागायला मला वेळ लागला नाही. पूजेसाठी सगळं चकचकीत करताना त्याला अन्नाचीच वाट तेवढी काळी, मळकट दिसली होती. गोदामात लेपाचे डबे उरलेले होते. दोराला लटकून त्याने खालपासून वरपर्यंत, प्रत्येक पायरीसकट, आधी थर दिला होता, वाळू दिला होता आणि काल तेल पुसलं होतं. शिकवल्याप्रमाणे. कुठेही कमी न ठेवता. फळा त्याने वाचला होता, उर्दूतला, पाचही सूचना. त्याला अन्नाला चकित करायचं होतं. आता तो काठावर पाय टाकायला निघाला होता.

"कुणाला आत सोडू नका, सर," खालून आवाज आला. आवाज स्पष्ट होता, नेहमीचा होता. "मौलालीला धरा. दोर आणायला धाडा."

मी मौलालीचा दंड धरला. त्याला खाली ढकललाच म्हणा ना. तो शिडीवरून रडत उतरला. सावकारांनी माणसं पळवली, दोर आला, गाडी आली, पुढचं सगळं झालं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. डोक्याला आतून मार होता. सूर्य मावळायच्या आत दवाखान्यात तो वारला. मौलाली आता मिलवर जात नाही, दर जुम्म्याला अव्वाच्या उंबऱ्यावर येऊन बसतो आणि ती त्याला चहा देते. काय बोलतात मला माहीत नाही. सहावं वाक्य मी खोडलं होतं, हे मी त्या दोघांनाही सांगितलेलं आहे. अव्वा ऐकून एवढंच म्हणाली, "तुमी शिकलेले, तुमाला कळत व्हतं म्हणून तुमी लिवलं न्हाई." याहून मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं.

पण दोर यायच्या आधी तिथे मी आणि तो दोघेच होतो, तेवढी दोन-तीन मिनिटं मला सोडत नाहीत.

"सर," तो खालून म्हणाला, "बाटली हाय का हातात?"

"आहे. बोलू नकोस तू. पडून राहा."

"एक थेंब टाका. वाटेवर."

मला कळेना. मी म्हटलं, "मल्लण्णा, आता कशाला?"

"टाका की."

मी काठावर ओणवा झालो. पहिला थेंब पत्र्याबाहेरच पडला. दुसरा मी पहिल्या पायरीच्या बाजूला, जिथे खरबरीत लोखंड असायला हवं होतं तिथे, नेमका टाकला. तो तिथेच पसरायला हवा होता. तो पळभरही टेकला नाही. त्याच्या बत्तीच्या उजेडात मला तो वाटेवरून खाली जाताना दोन-तीन पायऱ्यांपर्यंत दिसला आणि मग दिसेनासा झाला. खाली मल्लण्णाने मान वाकडी केली होती, एक डोळा मिटला होता आणि थेंब झेलायला हात भिंतीशी पुढे धरला होता.

"पळालं, सर," तो म्हणाला.

त्याचा आवाज उजळला होता. हे मात्र मी अव्वाला अजून सांगितलेलं नाही.